किर्लोस्करांचें घर आणि बालगंधर्वांचा गळा

एखादा मोठा गायक ज्या मंडळींत लहानाचा मोठा झाला ती मंडळी सोडून स्वतःचें निराळें बिऱ्हाड थाटतो, आणि त्या दिवसापासून त्याचे चाहते दोन तटांत उभे राहतात, ही गोष्ट कोणत्याहि एका देशापुरती नाहीं. इंग्लंडमध्यें 'बीटल्स' हा चौघां वादक-गायकांचा मेळ १९७० सालीं फुटला. त्यानंतर जॉन लेनन व पॉल मॅकार्टनी यांनीं स्वतंत्रपणें जें गाइलें तें मूळ मेळाच्या तोडीचें कीं नाहीं, यावर तिकडचे रसिक अजून हमरीतुमरीवर येतात. मराठी रसिकाला त्यांत नवल वाटूं नये. त्याच्या घरीं हा वाद त्याहून सत्तावन्न वर्षें जुना आहे. १९१३ सालीं नारायण श्रीपाद राजहंस ऊर्फ बालगंधर्व यांनीं किर्लोस्कर नाटक मंडळी सोडली आणि गंधर्व नाटक मंडळी काढली. त्या घटनेचा निवाडा अद्याप लागलेला नाहीं, आणि ज्या गांवांतून तो सर्वांत चिकाटीनें मागितला जातो त्यांत रत्नागिरीची गणना करावयास हरकत नाहीं.

रत्नागिरीला हें वेड कसें लागलें, हें पाहावयाचें तर आधीं तिचा रस्ता पाहिला पाहिजे. कोंकण रेल्वे सबंध मार्गावर धावूं लागली ती १९९८ सालीं. त्यापूर्वी कित्येक पिढ्या गांवाला दोनच दारें होतीं. एक समुद्राचें, मुंबईच्या बोटीचें. दुसरें आंबा घाटाचें, कोल्हापूरच्या वाटेचें. पडद्यांचे गुंडाळे, पेट्या, पोषाखांचे पेटारे आणि पन्नास-साठ माणसांचा आचाऱ्यांसकट संसार घेऊन फिरणाऱ्या बड्या नाटक मंडळीला घाटावरची गांवें सोयीचीं, कोंकण अडचणीचें. म्हणून रत्नागिरीकरानें नाटक पाहिलें तें पुष्कळदां गिरगांवांत, चाकरमानी म्हणून चाळींत राहत असतां. बाकीच्यांनीं तें ऐकलें, शिमग्याला किंवा गणपतीला घरीं आलेल्या चाकरमान्याच्या तोंडून. नाटक मुंबईंत होई आणि त्याचा वाद बोटीनें बंदरावर उतरे. पावसाळ्यांत बोटी बंद पडत; मग तोच वाद चार महिने घरांत साठवणीच्या आमसुलांसारखा पुरवून पुरवून वापरावा लागे. ज्यांना प्रत्यक्ष पाहावयास थोडें मिळतें तेच बहुधा अधिक कडवे पक्षपाती होतात.

१९१७ सालचा शिमगा घ्यावा. माडीवर बैठक पडली आहे. काका जुने, भाऊराव कोल्हटकरांचा काळ पाहिलेले. पुतण्या नुकताच गिरगांवांत 'स्वयंवर' पाहून आलेला. असा संवाद त्या वर्षीं कोणत्याहि माडीवर झाला असेल:

"अरे, भाऊरावांची सुभद्रा तूं पाहिली नाहींस, म्हणून नारायणरावाचें एवढें कौतुक सांगतोस."

"काका, भाऊरावांना जाऊन सोळा वर्षें झालीं. आतां जो गातो आहे त्याचें ऐकावयाचें कीं नाहीं?"

"ऐक कीं, कोण नको म्हणतो? पण तो कोणाच्या घरीं शिकला, तेंहि एकदां विचार."

"शिकला किर्लोस्करांच्या घरीं, कबूल. पण काका, रुक्मिणीचीं हीं पदें त्या घरांत जन्मलीं असतीं काय?"

काकांनीं यावर सुपारी कातरावयास घेतली असेल. प्रश्न खरोखरीच अवघड होता.

'त्या घराची' थोरवी काका म्हणतात तेवढी होतीच. बळवंत पांडुरंग ऊर्फ अण्णासाहेब किर्लोस्कर यांनीं १८८० च्या ऑक्टोबरअखेर पुण्यास 'शाकुंतल' रंगभूमीवर आणलें. त्याच्या आधीं विष्णुदास भाव्यांच्या १८४३ सालच्या सांगलीच्या खेळापासून चालत आलेल्या नाटकांत सूत्रधार गाई आणि पात्रें आपापलें भाषण वेळेवर सुचेल तसें करीत. अण्णासाहेबांनीं पात्राचें गाणें पात्राच्याच तोंडीं दिलें आणि भाषण लिहून बांधून टाकलें. 'शाकुंतलां'त पदें दोनशेंच्या आसपास होतीं; १८८२ च्या 'सौभद्रां'त शंभराहून अधिक. साकी, दिंडी, कामदा, लावणीच्या आणि कानडी चाली. पद लहान, शब्द स्पष्ट, काम झालें कीं पुढें चला. पद हें तेथें संवादाचेंच काम करी. अण्णासाहेब १८८५ सालीं वारले, तरी मंडळी मोडली नाहीं. मोरोबा वाघोलीकर, बाळकोबा नाटेकर, भाऊराव कोल्हटकर यांनीं ती धरून ठेवली. गोविंद बल्लाळ देवलांनीं तिला १८९९ सालीं 'शारदा' दिली. मूळ पुरुष गेल्यावरहि जें टिकतें तें घर, अशी व्याख्या केली तर किर्लोस्कर मंडळी त्या कसोटीला दोनदां उतरली. अण्णासाहेबांच्या मागें एकदां आणि १९०१ मध्यें भाऊराव गेल्यावर पुन्हां एकदां.

भाऊरावांच्या जागीं जो आला तो नारायण राजहंस. जन्म १८८८ चा. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनीं त्याच्या कानाच्या दुखण्यावर मिरजेच्या मिशन इस्पितळांत उपचार करविले, आणि १९०५ सालीं मिरजेसच तो किर्लोस्कर मंडळींत शकुंतला म्हणून उभा राहिला. 'बालगंधर्व' हें नांव त्याला लोकमान्य टिळकांनीं दिलें, अशी सांगी आहे. लोकमान्यांचा जन्म रत्नागिरीचा असल्यामुळें येथें ती सांगी थोड्या जास्त ठसक्यानें सांगितली जाते. मंडळींत आल्यावर अभिनयाची तालीम देवलांची. शब्द कोठें तोडावा, पदर कसा सांवरावा, बोलतां बोलतां गाण्यांत कसें शिरावें, हें सारें त्या घरचें.

१२ मार्च १९११ या दिवशीं 'मानापमान'चा पहिला प्रयोग मुंबईस ठरला होता. त्याच दिवशीं बालगंधर्वांची लहान मुलगी वारली, आणि तरीहि रात्रीं ते भामिनी म्हणून रंगभूमीवर आले. ही हकीकत सर्वांना ठाऊक आहे. मात्र तिचा अर्थ दोन पक्ष दोन तऱ्हांनीं लावतात. किर्लोस्करपक्षी म्हणतो, ही त्या मंडळीची शिस्त: ठरलेला खेळ चुकवावयाचा नाहीं. गंधर्वपक्षी म्हणतो, ही त्या माणसाची छाती. शिस्तीनें कोणी बाप मुलीचें प्रेत घरीं ठेवून गात नाहीं. दोघांच्याहि म्हणण्यांत तथ्य आहे. पण दोघांपैकीं एकहि पक्ष त्या घरांतल्या आईविषयीं बोलत नाहीं, हेंहि लक्षांत घेण्यासारखें आहे.

'मानापमान'च्या चाली गोविंदराव टेंबे यांच्या. येथें संगीत नाटकाचा प्रवाह वळला. पदांची संख्या पन्नासांच्या आसपास आली, आणि प्रत्येक पदाला ठुमरी-दादऱ्याच्या, रागदारीच्या अंगानें पसरावयास जागा मिळाली. म्हणजे ज्या नव्या गाण्याबद्दल गंधर्वपक्षी आपल्या दैवताला श्रेय देतो, त्याचा आरंभ किर्लोस्करांच्या घरींच, किर्लोस्करांच्या पैशानें झालेला होता. हा मुद्दा वादांत काकांनीं काढावयास हवा होता.

त्याच वर्षीं नानासाहेब जोगळेकर वारले. धैर्यधर गेला, मंडळीचा एक खांब गेला, आणि कारभार शंकरराव मुजुमदारांच्या हातीं एकवटला. मग भागीदारीचे, अधिकाराचे आणि मानाचे प्रश्न उठले. खाडिलकरांचें 'विद्याहरण' १९१३ च्या उन्हाळ्यांत किर्लोस्करांच्या रंगभूमीवर आलें. त्यांत देवयानी करून बालगंधर्व जुलैंत बाहेर पडले. बरोबर गोविंदराव टेंबे आणि गणपतराव बोडस. म्हणजे गळा गेला, चाल बांधणारा गेला आणि अभिनयहि गेला. पुढें टेंबे यांनीं आपल्या आठवणी लिहिल्या, बोडसांनीं 'माझी भूमिका' लिहिली. हीं पुस्तकें शेजारीं शेजारीं ठेवून वाचणाराला एक गोष्ट चटकन् दिसते, ती ही कीं 'किर्लोस्कर विरुद्ध गंधर्व' ही सरळ रेघ बाहेरच्या रसिकांनीं आंखलेली आहे. आंतल्या माणसांना ती तशी दिसत नव्हती. टेंबे थोड्याच काळांत गंधर्व मंडळींतूनहि निघाले आणि त्यांनीं शिवराज संगीत मंडळी काढली. पुढें बोडसहि दूर झाले. घर सोडण्याची वाट एकदां पडली कीं तिच्यावरून जाणारा शेवटचा कोणीच नसतो.

तरीहि गंधर्व मंडळीचीं पहिलीं सात-आठ वर्षें म्हणजे मराठी रंगभूमीचा सुकाळ होता, हें काकांनाहि नाकारतां आलें नसतें. १९१६ च्या डिसेंबरांत 'स्वयंवर' आलें. चाली भास्करबुवा बखले यांच्या. हे भास्करबुवा लहानपणीं किर्लोस्कर मंडळींतच नट होते. आवाज फुटला तेव्हां तेथून बाहेर पडून उस्तादांच्या दारोदार विद्या मिळवीत फिरले आणि घराण्याघराण्यांची विद्या गोळा करून परतले. किर्लोस्करांच्या घरांतून गेलेल्या एका मुलानें किर्लोस्करांच्या घरांतून गेलेल्या दुसऱ्या मुलाला रुक्मिणीचें गाणें दिलें. १९१९ सालीं, राम गणेश गडकरी वारल्यावर महिन्याच्या आंत, 'एकच प्याला' बडोद्यास रंगभूमीवर आला. बोडसांचा सुधाकर आणि बालगंधर्वांची सिंधु. भरजरी शालूंत मिरवणारा नट त्या नाटकांत ठिगळाच्या लुगड्यांत जात्यावर बसला आणि प्रेक्षकांना तेंहि रूप मानवलें. पुढें तबल्याला अहमदजान थिरकवा आणि सारंगीला कादरबक्ष यांच्यासारखे साथीदार त्या मंडळींत आले. नाटकाच्या साथीला असे हात बसवावे, ही कल्पनाच किर्लोस्करी हिशेबांत बसणारी नव्हती.

आक्षेप येथूनच सुरू होतो, आणि तो क्षुल्लक नाहीं. पद संपलें कीं 'वन्स मोअर', तें पुन्हां संपलें कीं पुन्हां 'वन्स मोअर'. एकेका पदाला चारचार, पांचपांच वेळां. रात्रीं सुरू झालेला खेळ पहांटेपर्यंत लांबे. रुक्मिणी गात असे आणि कृष्ण बाजूस उभा राही, भीष्मक उभा राही, आणि खाडिलकरांचें नाटकहि त्यांच्याबरोबर उभें राही. किर्लोस्करपक्षाचें म्हणणें असें कीं अण्णासाहेबांनीं सूत्रधाराच्या हातून गाणें काढून पात्राला दिलें तें नाटक पुढें सरकावें म्हणून. बालगंधर्वांनीं तें पात्राच्या हातून काढून मैफलींत नेलें. यावर गंधर्वपक्षाचें उत्तर ठरलेलें आहे: पाऊल थबकलें तरी भाव थबकत नव्हता, प्रत्येक फेरींत रुक्मिणीची लाज निराळी, हट्ट निराळा.

यांत खरें कोणाचें, हें आज ठरविणें कठीण होण्याचें एक अगदीं साधें कारण आहे आणि तें या वादांत क्वचितच कोणी काढतो. आजच्या रसिकाला बालगंधर्व ठाऊक आहेत ते ध्वनिमुद्रिकांवरून. त्या काळच्या तबकडीची एक बाजू तीन मिनिटांहून थोडीशीच अधिक चाले. त्या तीन मिनिटांत पसाऱ्याला वावच नाहीं. जें उरलें तें नेमकें, घोटीव, शब्दाला धरून असलेलें गाणें. ज्या दोषासाठीं काका त्यांना बोल लावीत तो दोष तबकडीनें बाहेरच ठेवला. आणि ज्या गुणासाठीं पुतण्या वेडा झाला होता तो, म्हणजे फेरीगणिक फुलत जाणारा भाव, तोहि तिनें बाहेर ठेवला. दोन्ही पक्ष आज जिचा पुरावा म्हणून उपयोग करतात ती तबकडी दोघांनाहि साक्ष देत नाहीं. भाऊरावांचें गाणें तर ऐकावयास उरलेंच नाहीं. एका बाजूला तीन मिनिटें आणि दुसऱ्या बाजूला नुसती आख्यायिका, असा हा तराजू आहे.

गाण्याच्या वादांत एक गोष्ट मागें पडते, ती पोटाची. नाटक मंडळी म्हणजे केवळ चार नामांकित नट नव्हत. पडदे ओढणारे, पेट्या उचलणारे, रंगपटांत लुगडीं नेसविणारे, नांदीला उभीं राहणारीं पोरें, आचारी, पाणके अशीं कितीतरी माणसें एका नांवावर जेवत. मुख्य गळा निघून गेला कीं तिकिटाचा गल्ला बसे आणि पहिला हात या माणसांच्या पगाराला लागे. 'नारायणराव गेले तें योग्य कीं अयोग्य' हा प्रश्न माडीवर सुपारी कातरतां कातरतां विचारणें निराळें, आणि किर्लोस्कर मंडळीच्या भटारखान्यांत १९१३ च्या जुलैंत विचारणें निराळें. दुसऱ्या बाजूनें पाहतां, ज्याच्या गळ्यावर गल्ला जमतो त्याला कारभारांत शब्द नसावा, हाहि न्याय नव्हे. गंधर्व मंडळी निघाली ती हाच न्याय मागत. पुढें मात्र ती एकट्या बालगंधर्वांच्या मालकीची झाली, आणि मालक या नात्यानें ते हिशेबाच्या वहीकडे कधीं वळले नाहींत. १९२० च्या 'द्रौपदी'च्या देखाव्यांवर पाण्यासारखा पैसा गेला. खरें अत्तर, खरे शालू, खरा थाट. आणि कर्जहि खरेंच. तें फेडण्याकरितां वर्षानुवर्षें गावें लागलें. मुजुमदारांच्या करड्या कारभाराला कंटाळून निघालेल्या माणसाला अखेर सावकारांच्या वेळापत्रकाप्रमाणें गावें लागलें, याला काय म्हणावें तें ज्याचें त्यानें ठरवावें.

इकडे किर्लोस्कर मंडळीचें काय झालें? गंधर्वपक्षी येथें घाई करतो आणि 'ती संपली' म्हणून मोकळा होतो. ती लगेच संपली नाहीं. गडकऱ्यांचें 'पुण्यप्रभाव' तिनेंच १९१६ सालीं रंगभूमीवर आणलें. आणि तिनें तिसऱ्यांदा एक गळा घडविला. गोव्यांतील मंगेशीचा दीनानाथ मंगेशकर, जन्म १९००, चौदा-पंधरा वर्षांचा असतां या मंडळींत आला. बालगंधर्वांच्या मार्दवाच्या अगदीं उलट त्याचें गाणें: तडफदार, चक्राकार तानांचें, पंजाबी ढंगाची झाक असलेलें. भाऊराव, बालगंधर्व, दीनानाथ. तीन पिढ्यांतले तीन अव्वल गळे एकाच रंगपटांतून निघावे, हा योगायोग मानणें कठीण आहे. किर्लोस्करपक्षाचा सर्वांत बळकट पुरावा हाच. पण १९१८ सालीं दीनानाथहि चिंतामणराव कोल्हटकर आणि कृष्णराव कोल्हापुरे यांच्यासह बाहेर पडले आणि त्यांनीं बळवंत संगीत मंडळी काढली. अण्णासाहेब किर्लोस्करांचें मूळ नांव बळवंत, हें वर आलेंच आहे. घर सोडतांना मूळ पुरुषाचें नांव पाटीवर घेऊन जाण्याची ही तऱ्हा मोठी बोलकी आहे. या साऱ्या काळाची हकीकत चिंतामणरावांनीं 'बहुरूपी' या आत्मचरित्रांत सांगितली; त्या पुस्तकाला १९५८ सालीं साहित्य अकादमीचें पारितोषिक मिळालें. किर्लोस्कर मंडळी त्यानंतर निस्तेज होत गेली ती गेलीच.

रत्नागिरीचा या तिसऱ्या बिऱ्हाडाशीं सरळ संबंध आहे. १९२४ पासून १९३७ पर्यंत विनायक दामोदर सावरकर या जिल्ह्यांत स्थानबद्ध होते. जिल्ह्याबाहेर जाण्याची आणि राजकारण करण्याची त्यांना मनाई होती. नाटक लिहिण्याची नव्हती. त्यांचें 'संन्यस्त खड्ग' १९३१ सालीं बळवंत मंडळीनें रंगभूमीवर आणलें. चालींना वझेबुवांचा हात लागला आणि पदें दीनानाथांच्या कंठानें गाजलीं. नाटककार रत्नागिरींत अडकलेला आणि त्याचे शब्द गळ्यावर बसून मुंबई-पुण्यास हिंडताहेत, असा तो प्रकार होता. तेव्हांपासून रत्नागिरीच्या बैठकींत दोन पक्षांचे तीन झाले. हा तिसरा पक्ष संख्येनें लहान, पण बोलण्यांत सर्वांत तिखट. त्याचें म्हणणें, बालगंधर्वांचें अनुकरण करणारे शेंकडों निघाले, दीनानाथांचें अनुकरण कोणाला साधलें तें दाखवा. (याचा प्रतिवाद असा कीं ज्याचें अनुकरण शेंकडोंना करावेंसें वाटतें तोच मोठा. हा प्रतिवाद ऐकून तिसरा पक्ष चहा अर्धा टाकून उठतो.)

या भांडणाला एकच रात्र अपवाद झाली. ८ जुलै १९२१ रोजीं मुंबईच्या बालीवाला थिएटरांत टिळक स्वराज्य फंडासाठीं 'संयुक्त मानापमान' झालें. ललितकलादर्श मंडळीचे केशवराव भोसले धैर्यधर, बालगंधर्व भामिनी. केशवरावांनींहि स्वदेश हितचिंतक मंडळींतून निघून १९०८ सालीं आपलें घर थाटलें होतें. म्हणजे मूळ मंडळी सोडून आलेले दोन पुरुष, एकमेकांचे उघड प्रतिस्पर्धी, ज्या नाटकांतून मराठी गाण्याचा प्रवाह वळला त्याच नाटकांत समोरासमोर. चाहत्यांना त्या रात्रीं हार-जीत पाहावयाची होती. निकाल काय लागला, याविषयीं पुढें लोकांनीं परस्परविरुद्ध इतकें सांगितलें आहे कीं निकाल लागलाच नाहीं असें धरून चालावें. केशवराव त्याच वर्षीं ऑक्टोबरांत वारले. बरोबरीचा सामना पुन्हां व्हावयाचा राहून गेला.

बालगंधर्वांच्या उत्तरायुष्याविषयीं चाहते थोडे ओशाळून बोलतात. बोलपट आले, नाट्यगृहांचीं चित्रगृहें होऊं लागलीं. १९३५ सालीं 'प्रभात'च्या 'धर्मात्मा'मध्यें ते एकनाथ झाले; ज्यांनीं आयुष्यभर त्यांची भामिनी पाहिली त्यांना हा शालूविना संत पचला नाहीं, आणि त्यांना स्वतःलाहि समोर प्रेक्षक नसतांना गाणें मानवलें नाहीं. एका चित्रपटानंतर ते 'प्रभात'मधून बाहेर पडले. १९३८ सालीं गोहरबाई कर्नाटकी मंडळींत आल्या आणि स्त्रियांच्या भूमिका स्त्रीच करूं लागली, यावरून चाहत्यांतच दुफळी झाली. शरीर थकलें, पाय गेले, तरी वयाच्या पासष्टीपर्यंत मधूनमधून ते रंगभूमीवर येत राहिले. 'तेव्हां थांबावयास हवें होतें' असें म्हणणारा चाहता आणि 'तेव्हांहि एखादा स्वर असा लागे' म्हणून डोळे पुसणारा चाहता, हे एकाच घरांत असत. सरकारनें १९६४ मध्यें 'पद्मभूषण' दिलें. १५ जुलै १९६७ रोजीं पुण्यांत ते वारले. पुण्याच्या नाट्यगृहाला त्यांचें नांव आहे. २०११ सालच्या 'बालगंधर्व' या चित्रपटानें त्यांना ज्यांच्या आजोबांनींहि पाहिलें नव्हतें अशा मुलांपर्यंत नेलें, आणि वाद पुन्हां तरुण झाला.

त्यांच्या मंडळीनें पुढची पिढी घडविली नाहीं, हा किर्लोस्करपक्षाचा शेवटचा बाण. तो थोडा नेम चुकून जातो. मास्टर कृष्णराव फुलंब्रीकरांनीं १९३१ च्या 'कान्होपात्रा'ला दिलेल्या चाली त्याच मंडळींतल्या. विनायकबुवा पटवर्धन सुमारें दहा वर्षें तेथें नायकाचीं कामें करीत होते आणि मग त्यांनीं पुण्यांत गायनविद्यालय काढलें. पण हे दोघेहि मंडळींत आले ते तयार होऊन. आणि मालकाच्या जागीं उभा राहील असा स्त्रीपार्टीचा गळा तेथें कोणी घडविला नाहीं, कदाचित् मालक असेतोंवर तसा कोणी उभा राहणें शक्यहि नव्हतें. किर्लोस्करांत भाऊरावांमागें जागा रिकामी झाली होती. गंधर्वांत ती कधीं रिकामी झालीच नाहीं.

रत्नागिरींत हा वाद आज पुस्तकी राहिलेला नाहीं, त्याचें कारण येथें संगीत नाटक अजून बसविलें जातें. राज्य नाट्य स्पर्धेंतील संगीत नाटकांचे प्रयोग स्वातंत्र्यवीर सावरकर नाट्यगृहांत होत आले आहेत, आणि 'खल्वायन'सारख्या संस्थांनीं 'सौभद्र'-'मानापमान'चें वळण हौसेनें राखलें आहे. दिवसा शाळेंत किंवा बँकेंत काम करणारीं माणसें संध्याकाळीं तालमीला येतात. आतां स्त्रीच्या भूमिका मुली करतात, त्यामुळें शालूची ती जुनी मोहिनी बाजूला पडून निवळ गाण्याचा प्रश्न उरतो, आणि तो पहिल्याच तालमीला पुढें येतो. स्पर्धेच्या ठरलेल्या वेळांत नाटक संपवावयाचें आहे. शंभराहून अधिक पदांतून पंचवीस-तीस ठेवावयाचीं आहेत. मग किर्लोस्करांप्रमाणें पुष्कळ पदें थोडक्यांत म्हणावयाचीं, कीं गंधर्वांप्रमाणें मोजकीं ठेवून तीं फुलवावयाचीं? दिग्दर्शक म्हणतो, सुभद्रेचें हें पद दोन मिनिटांत आटोपा, पुढें नारदाचा प्रवेश आहे. ऑर्गनवर बसलेले गुरुजी म्हणतात, दोन मिनिटांत स्थायीसुद्धां नीट बसत नाहीं. त्यापेक्षां मागचीं दोन पदें गाळा. तबलजी कोणाचीच बाजू न घेतां तबला लावून घेतो. सुभद्रा झालेली मुलगी दोघांकडे पाहते आणि विचारते, "गुरुजी, मग तान घ्यायची कीं नाहीं?"

गुरुजी दिग्दर्शकाकडे पाहतात. घड्याळांत साडेनऊ झालेले असतात, आणि नाट्यगृहाचा पहारेकरी किल्ल्या घेऊन दारांत उभा असतो.